पहिला घाणा बालगृहाचा

१६ डिसेंबर, पिंप्राळा
सोनीला घरी येऊन आज दोन महिने. सहा वर्षांची पोर, पण पाहुण्यासारखी वागते. पाणी प्यायचं तरी विचारते. मला मावशी म्हणते, संस्थेत सांभाळणाऱ्या बायकांना म्हणायची तसं. दत्तकाचे कागद अजून पुरे व्हायचेत. नाताळ झाला की संस्थेच्या ताई येणार, तिच्याशी एकटीशी बोलणार. इथेच राहायचंय का, असं सरळ विचारतात म्हणे. सुधीर म्हणतो, तू उगाच जीव टांगणीला लावतेस. लावते.

१९ डिसें.
गॅलरीत नाताळची चांदणी लावली. सुधीरने सोनीला खांद्यावर घेतलं, बटण तिनेच दाबलं. हसली. दोनदा.

२३ डिसें., धुळे
एसटीला मरणाची गर्दी. पारोळ्यापर्यंत सोनी माझ्या मांडीवर झोपलेली. पाय बधिर झाला, हलवला नाही.
सासूबाई दारातच. शेजारीण चौकशीला हजर: कोणाची, कुठली, रंग कोणावर गेला. सासूबाई म्हणाल्या, "मनी नात शे ही." माझी नात, संपला विषय.
दुपारी करंज्या. सोनीने सारण भरलं. तिच्या चार तेलात फुटल्या, कोणी रागावलं नाही. पहिला घाणा घरात कोणी तोंडात घालायचा नाही, तो बालगृहाचा. सासूबाईंचा तीस वर्षांचा शिरस्ता. डबे मी भरले. उद्या सगळ्यांनी मिळून द्यायला जायचं.

२४ डिसें.
कसं लिहू.
बालगृहापाशी रिक्षा थांबली. इथलं बालगृह वेगळं, सोनीच्या संस्थेशी काही संबंध नाही. पण तशीच पाटी, तसंच अंगण, पंगतीला रांगेत बसलेली मुलं. सोनी उतरली. माझा हात सोडला, चपला काढल्या आणि रांगेच्या शेवटी मांडी घालून बसली. ताट नव्हतं, तर ओंजळ पुढे केली.
सासूबाई वाढत वाढत तिच्यापाशी आल्या आणि थांबल्या. "ऊठ बेटा, आपल्याला घरी खायचंय." उठेना. रडलीही नाही. मला एवढंच विचारलं, "मावशी, माझे कपडे आणलेत का?"
शेवटी सुधीरने उचलून आणलं. अंग लाकडासारखं. रिक्षात सासूबाई पदर तोंडाला लावून, "मना ध्यानमा नही उनं." त्यांच्या ध्यानात नाही आलं. माझ्या तरी कुठे आलं? डबे मीच भरले होते, माझ्या हाताने. दोन महिने रात्रंदिवस हिचाच विचार करणारी मी. अक्कल गहाण टाकली होती.

२५ डिसें.
सकाळी चर्चला. सोनीने नवा फ्रॉक घातला, सांगितलं म्हणून. घरी भाऊबंदांनी खाऊ दिला, खेळणी दिली. प्रत्येकाला थँक्यू म्हणाली. जेवायला वाढलं तर मलाही. मेलं ते थँक्यू.
करंजीला हात लावला नाही. सासूबाईंनीही नाही.

२८ डिसें., पिंप्राळा
परवा परतलो. ताई उद्या अकराला येतायत. सुधीर म्हणाला, तिला जरा सांगून ठेव, काय बोलायचं ते. मी म्हटलं, पढवलेला पोपट नकोय मला. खरं तर दिवसभर तेच मनात घोळत होतं.
संध्याकाळी मेथी निवडायला बसले, ती शेजारी येऊन बसली. आपणहून.
"उद्या ताईंना काय सांगू?"
"तुला वाटेल ते सांग." केवढा तो माझा मोठेपणा.
काडी मोडत म्हणाली, "म्हणजे मी गेले तरी चालेल तुम्हाला."
"नाही चालणार."
आवाज चढला असावा, सुधीर बाहेरून आत आला. सोनीने माझ्याकडे नीट बघितलं. मग पुढची काडी घेतली. माझ्या मांडीला टेकून बसली.