नोकरीआधी गोवा

शनिवार, भिसेगाव

तीन वर्षं घरी बसल्यावर गुंतवणूक कंपनीने मला पुन्हा बोलावलं, आणि मी काय करावं? रुजू व्हायची तारीख आठ दिवस पुढे ढकला, असं कळवलं. कारण काय, तर गोव्याचा चित्रपट महोत्सव! जन्मभर लोकांना जोखीम समजावणारी मी. उत्तराची वाट पाहत सकाळपासून चार चहा केले, एकही प्यायले नाही.

पाचवा दिनूने प्यायला. कॉलेजातला मित्र, पोशीरला शेती करतो. माझी नोकरी गेली तेव्हा बाकीचे पांगले. हा मात्र दर वर्षी भातकापणी उरकून मला गोव्याला नेतो आणि निम्मे सिनेमे घोरत बघतो.

“येडी झालीस का गं? गुमान कामावर जा. मी जाईन एकटा.”

“आणि घोरताना कोपर कोण मारणार?”

“कोनी नाय. म्हनून तर मजा.”

बोलला खरा, पण चेहरा उतरला होता. तेवढ्यात साहेबांचं उत्तर आलं: मंजूर, चांगले सिनेमे कळवा. वाचून दाखवलं, तर दिनू तडक अंगणात गेला आणि फोनवर बायकोला ओरडला, “ती येतेय गं! चकल्यांचा डबा मोठा भर!”

एकटा जाणार होता म्हणे.