डाव्या पंखाचा माणूस

रोल्ला, शारजा
१२ जानेवारी २०००

नर्मदा वहिनी,

तय्यबचा सलाम. ईद होऊन चार दिवस झाले. आमच्या घरून कुलसुमने शीरखुर्मा पोचवला असेलच, आणि तुम्ही भांडं रिकामं परत पाठवलं नसेल हेही मला ठाऊक आहे. इथे खोलीत आम्ही आठजण. शेवया मी केल्या, म्हणून सगळ्यांनी मुकाट्याने हॉटेलची बिर्याणी खाल्ली. थंडी बरी आहे. सकाळी धुकं इतकं असतं की समोरची बिल्डिंगसुद्धा दिसत नाही.

तुमचं पत्र मिळालं. गणूचा व्हिसा निघाला, दोन फेब्रुवारीचं तिकीट आहे, सगळं वाचलं. भिवाच्या जागी त्याचाच भाऊ लागतोय म्हणून तुम्हाला हायसं वाटलं असणार. पण वहिनी, गणूला इथे करमणार नाही. त्याला रोज ताजे मासे लागतात, इथल्या माशांना नुसती बर्फाची चव. खोलीत ढेकूण आहेत. उन्हाळ्यात विमानाच्या पत्र्याला हात लागला तर चटका बसतो. वर परेश सुपरवायझर दिवसभर ‘यल्ला, यल्ला’, म्हणजे चला-चला, करत डोक्यावर बसलेला. त्यापेक्षा रास अल खोरला एका गॅरेजात माझी ओळख आहे, दोन महिने थांबलात तर तिथे चिकटवतो. विमानावर नको.

तुम्ही पत्राच्या शेवटी एक ओळ लिहिलीत. ‘गणूला लिंबू वगैरे काही ठेवू देऊ नका. ह्यांना ते मीच सांगितलं होतं, त्याचं फळ भोगते आहे.’ ती ओळ वाचल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

आधी काम काय असतं ते सांगतो. आमच्या अरबाबला, म्हणजे मालकाला, जुन्या लढाईतल्या विमानांचा नाद. हे विमान जमिनीवर असताना नाक वर करून बसतं. चालवणाऱ्या साहेबाला समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही, फक्त दोन्ही बाजू दिसतात. म्हणून जमिनीवरून चालवताना दोन्ही पंखांच्या टोकांना एकेक माणूस चालतो. मूठ वर धरली की थांबायचं, हात उघडून पुढे केला की चालायचं. डावीकडे भिवा, उजवीकडे मी, मधे विमानाचं धूड. आम्हाला एकमेकांची तोंडं दिसत नसत, पोटाखालून फक्त बूट दिसायचे.

भिवा गेल्यावर विमान वर्षभर दुरुस्तीला होतं. डिसेंबरात पुन्हा बाहेर काढलं. साहेब नवा, थेट विलायतेहून आलेला. जुनं त्याला कुणी काही सांगितलेलं नाही. परेश मला म्हणाला, “गणू येईपर्यंत लेफ्ट साइड रिकामी राहील, तू अकेला मॅनेज कर.” मी केलं. पहिल्याच दिवशी साहेब उतरून हसत म्हणाला, “तुझा डावीकडचा माणूस फार सावध आहे.” मला वाटलं, थट्टा करतोय. दुसऱ्या खेपेला त्याने विचारलं, “त्याचं नाव काय?” मी परेशकडे पाहिलं. परेश मोबाइलवर बोलत होता.

गेल्या सोमवारी सकाळी नऊ वाजले तरी धुकं हटत नव्हतं. विमान हळूहळू चाललं होतं आणि मधेच थांबलं. मी मूठ धरली नव्हती. मी खाली वाकून पोटापलीकडे पाहिलं. डाव्या पंखाच्या टोकाशी बूट होते, वहिनी. एकात काळी नाडी, दुसऱ्यात जाळ्याची निळी दोरी. गावाहून आणलेली ती दोरी भिवाने माझ्यासमोर ओवली होती. बूट हलत नव्हते. तेवढ्यात धुक्यातून एक ट्रॅक्टर विमानाच्या अगदी नाकासमोरून आडवा गेला. पुन्हा वाकलो तर पलीकडे नुसतं सिमेंट होतं.

उतरल्यावर साहेब म्हणाला, “त्याने थांबवलं म्हणून वाचलो. ट्रॅक्टर गेल्यावर त्याने असं केलं. ह्याचा अर्थ काय?” आणि त्याने वर धरलेली मूठ उघडून हात कपाळाला लावला.

त्याचा अर्थ फक्त मला ठाऊक होता. आता तुम्हाला सांगतो.

भिवा गेला त्या दसऱ्याच्या दिवशी त्याला तुमच्या सांगण्याप्रमाणे चाकाखाली लिंबू ठेवायचं होतं. साहेब आधीच बसलेला, घाईत. वाटेत विमान थांबलं तेव्हा भिवा मागून वळसा घालून माझ्याकडे आला. मी म्हटलं, “जा, ठेवून ये. तू बाहेर येईपर्यंत मी मूठ सोडत नाही.” माझ्या शब्दावर तो चाकाशी वाकला. प्रोपेलर तिथून हातभर पुढे फिरत असतो. तेवढ्यात कुंपणापलीकडून आमचा पठाण वॉचमन दिसला, सहा महिन्यांची सुट्टी संपवून आलेला. त्याने लांबून हात वर करून सलाम केला. सलामाला जबाब न देता राहायला आम्हाला कुणी शिकवलंच नाही. माझी मूठ उघडली, हात कपाळाला गेला. साहेबाला दिसला तो उघडा हात. त्याने ब्रेक सोडला.

चौकशीत मी सांगितलं की भिवा न विचारता गेला. कागदावर तेच आहे. तुम्हाला मी तेच लिहिलं, आणि पंधरा महिने तुम्ही त्या लिंबासाठी स्वतःला कोसत राहिलात तरी गप्प बसलो. मी भ्यालो होतो. नोकरी जाईल, आत टाकतील, गावात तोंड दाखवता येणार नाही, असलेच विचार.

त्या सलामाबद्दल मी आजवर कुणाजवळ बोललो नव्हतो. साहेबाला तो कुणी दाखवला, ह्याचं उत्तर मी शोधत नाही. काल परेशला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “खलास झालं ते, आता कशाला काढतोस?” मग मीच ऑफिसात लेखी जबानी देऊन आलो. पासपोर्ट त्यांच्याकडे आहे. उद्या बोलावलंय.

गणूला पाठवू नका. डावी बाजू रिकामी नाही, म्हणून नव्हे. तो आला तर माझ्या मुठीच्या भरवशावर उभा राहील, आणि माझ्या मुठीवर आता माझाच भरवसा नाही.

कुलसुमला मी काही कळवलेलं नाही. तुमचं वाचून झालं की हे पत्र तिच्या हातात द्या. तिला तुमच्यासमोर वाचू दे.

आजवर प्रत्येक पत्राखाली मी ‘तुमचा भाऊ’ असं लिहीत आलो. आज ती जागा मोकळी सोडली आहे. तिथे काय लिहायचं ते तुम्ही ठरवा.

तय्यब