दोन वजा चिन्हं

बारिलोचे, शुक्रवार

प्रिय एवारिस्तो,

निवृत्त झाले म्हणून आज विद्यापीठातली खोली रिकामी करत होते. त्यात कणांच्या टकरीवरच्या आपल्या पहिल्या शोधनिबंधाची आकडेमोड सापडली. आठवतं? एकाच तुंब्यातून येर्बाच्या पानांचा कडू चहा पीत तू माझी पानं तपासायचास, मी तुझी. आणि तपासलेल्या पानाखाली बरोबरची खूण करायची, हा आपला नियम.

"नीट बघितलंस ना गं?"

"आधी स्वतःचं बघ, शहाण्या!"

सातव्या पानावर माझं एक वजा चिन्ह सुटलंय, आणि खाली तुझी खूण! अस्सा राग आला. न बघताच खूण ठोकलीस, लबाडा? मग अकराव्या पानावर तुझंही एक सुटलेलं दिसलं. खाली माझी खूण.

दोन चुकांनी एकमेकींना खोडलं, म्हणून उत्तर बरोबर आलं. त्याच उत्तरावर तुला युरोपात नोकरी मिळाली, मला इथेच.

त्या दुपारी आपण कागदांकडे बघतच नव्हतो, एवारिस्तो.

हे पत्र मी पाठवणार नाही. तुझा स्वभाव ठाऊक आहे मला. तू लगेच दुरुस्ती छापायला धाडशील.

निबंधावर तुझ्या नावाशेजारची,
नेलिदा