आपल्या वावरातला सांबार

आई,

मी मॅडमसोबत अकोल्याले चालली. पोह्यावर हिरवा सांबार चिरून अजिबात टाकू नको! काल कॉलेजात घरून नेलेल्या जुडीचं धुवण मायक्रोस्कोपखाली ठेवलं, त जंताचे अंडे दिसले! साऱ्या वर्गात पहिले मलेच! तेच दाखवाले मॅडम मले घेऊन चालल्या.

जुडी कुठची, म्हणून त्यायनं विचारलं. मी म्हटलं, बाजारातली.

बाबा आज जुड्या टवटवीत दिसाव्या म्हणून नाल्यावर धुवाले निघाले, त विहिरीवर पाठव. विहिरीवर काहून, असं विचारतीन, त मोटार चालूच हाय म्हण. काल त्यायनं अख्ख्या वलगावात सांगितलं, पोरीनं मोठा शोध लावला म्हणून. तू काही बोलू नको. शोध आपल्याच वावरात लागला, हे त्यायले मीच आल्यावर सांगतो.

दीपमाला