गोवर-कांजिण्या

२ सप्टेंबर, मंगळवार

नखं कापली! त्याच्यासाठी! दोन वर्षं बाईंडिंगच्या टेबलावर तिच्यासमोर बसून पुस्तकांचे सोळा-सोळा पानी फर्मे शिवतोय. ती लांब नखं दोऱ्यात अडकायची, खळ लावणारी मावशी ओरडायची — तरी कापली नव्हती. आज मालकांनी डॉक्टरांचा कागद वाचून दाखवला, 'नखांत जंतू राहतात', आणि जेवणाच्या सुट्टीत हिनं दहाच्या दहा साफ. पुठ्ठ्याच्या कात्रीनं!

कव्हरवाला कालपासून परत आलाय. ब्लड कॅन्सर. औषधांनी त्याच्या अंगातली लढायची ताकदच काढून घेतलीय. आपली साधी सर्दी त्याच्या जिवावर बेतू शकते म्हणे. पण घरी बसून भिंती मोजायच्या नाहीत त्याला, पुस्तकांच्या कव्हरांवरची चित्रं काढायचीत. म्हणून मालकांनी स्वतःची काचेची केबिन दिली. शिंकणाऱ्यानं घरी बसायचं. आत एकानंच जायचं, कोपरापर्यंत हात धुऊन, मास्क लावून.

मालकांनी विचारलं, "गोवर-कांजिण्या कुणाकुणाला होऊन गेल्यात? त्यालाच आत पाठवता येईल." तिचा हात पहिला वर. मग माझा. मालक मला म्हणाले, "तू नको. तू साबणाशीसुद्धा भांडशील." सगळे हसले. ती सगळ्यांत जास्त.

४ सप्टेंबर, गुरुवार

काच म्हणजे शिक्षा आहे. दिसतं सगळं, ऐकू काही येत नाही. एक कव्हर आत द्यायला तिला किती वेळ लागतो? बावीस मिनिटं! हसत होती. मास्क असला तरी डोळ्यांवरून कळतं. इकडे मी फर्मा उलटा शिवला. सोळा पानं डोक्यावर उभी.

मावशी — "वाचणाऱ्याला शीर्षासन करायला लावतोस का रे?"

६ सप्टेंबर, शनिवार

मालकांशी भांडलो. तिच्या एकटीवर भार का? निम्मे दिवस मला द्या! मालकांना भरूनच आलं. सोम-बुध-शुक्र माझे, मंगळ-गुरु-शनि तिचे. तीन दिवस तरी तोडले!

ती — "तुला कधीपासून एवढा पुळका?"

"तुला कधीपासून?"

मान खाली घालून दोरा ओवायला लागली. कान लाल झाले मात्र.

८ सप्टेंबर, सोमवार

माझा पहिला दिवस. वाईट गोष्ट — तो मला आवडला. डोक्यावर केस नाहीत, भुवयासुद्धा नाहीत. "रोज पेन्सिलनं काढतो," म्हणाला. "आज जरा रागीट काढल्यात. तू येणार होतास ना!"

हसू आलं. दाबलं.

१० सप्टेंबर, बुधवार

ताई आठवडाभर माहेरी आलीय, भाच्याला घेऊन. आज त्याच्या पोटावर पाण्याचे फोड. कांजिण्या! आणि परवापासून झोपतोय माझ्याच कुशीत.

आईला विचारलं. "तुला होऊन गेल्यात की गोवर-कांजिण्या."

"गोवर की कांजिण्या?"

"तेच ते रे!"

ताई आतून ओरडली, "तेच ते कसं? गोवर ह्याला, कांजिण्या मला! मी तीन आठवडे खोलीत कोंडलेली आणि हा दाराच्या फटीतून वाकुल्या दाखवायचा."

आमच्या घरात दोन रोगांना मिळून एकच शब्द. मी आजवर तो एकच रोग समजत होतो! मालकांपुढे हात वर केला तो नुसत्या गोवराच्या जोरावर.

११ सप्टेंबर, गुरुवार

नाव न सांगता दवाखान्यात फोन केला. कांजिण्या न झालेल्यानं अशा पेशंटपासून तीन आठवडे लांब राहायचं.

तीन आठवडे! सहाच्या सहा दिवस तिचे! नाही सांगणार.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

गेलो. दोन मास्क लावून, दाराशीच उभा राहिलो. मी आजारी थोडाच आहे?

१५ सप्टेंबर, सोमवार

ताई — "कामावर सांगितलंस ना?"

"हो."

"कॉलेज सोडलंस तेव्हाही सहा महिने असाच 'हो' म्हणत डबा घेऊन निघायचास."

डबा न घेताच निघालो.

१८ सप्टेंबर, गुरुवार

त्यानं तिचं चित्र काढलंय. सुईत दोरा ओवताना, ओठ दुमडलेले. मी दोन वर्षं रोज बघतोय ते ओठ! माझ्या हातात पेन्सिल नाही, एवढंच.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

ठरवून गेलो होतो — चित्राबद्दल जाब विचारायचाच. त्याच्या भुवया आज काढलेल्याच नव्हत्या. "हात कापतोय. रक्ताचा रिपोर्ट वाईट आला," म्हणाला. "सगळे म्हणतात, छान दिसतोयस. तू तेवढा कधी म्हणाला नाहीस. राग असला तरी तोंडावर असतो तुझा. माझ्यापासून काही न लपवणारा तू एकटाच."

त्याला एकदम म्हणालो, "खिडकी उघड!" आणि पळत बाहेर. मालकांना सगळं सांगितलं, अख्ख्या बाईंडिंगसमोर. मालक ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्याच्या डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी त्याला खबरदारी म्हणून गोळ्या सुरू केल्या, आम्हा सगळ्यांचं रक्त तपासायला सांगितलं. मालकांनी मला दार दाखवलं. तिनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

तिचा फोन. वाटलं, शिव्या देणार. नुसती रडत होती.

"मला गोवरही झालेला नाही, कांजिण्याही नाहीत. काहीच नाही! आत जायला मिळावं म्हणून हात वर केला. रक्तात सगळं निघालं. आता आत मावशी जाते."

म्हणजे खोटं बोलली. माझ्यासारखी चुकून नाही — समजून-उमजून, त्याच्यासाठी! माझ्यासाठी कोण एवढं खोटं बोलेल?

मग म्हणाली, "त्याला अजून सांगितलं नाही मी. तू कसं सांगितलंस रे?"

अर्धा तास तिला शिकवत बसलो — त्याच्याशी काय बोलायचं ते. मी!

२४ सप्टेंबर, बुधवार

डाव्या काखेत फोड. एकच. पाण्याचा.

दवाखान्यातली बाई फोनवर म्हणाली, "फोड दिसायच्या दोन दिवस आधीपासून लागण होते."

दोन दिवस आधी सोमवार.

सोमवार माझा होता. शुक्रवारी तोंड उघडलं नसतं, तर त्याच्या केबिनमध्ये असतो.