सांगाड्याचं अर्धं तिकीट

फ्रीगंज, उज्जैन
ता. ११ डिसेंबर १९९४

तीर्थस्वरूप सुहासदादांना आणि वहिनींना धाकट्या यज्ञेश्वरचा साष्टांग नमस्कार.

दादा, तुमच्या गुडघ्याचं कळलं. शेक चालू ठेवा आणि डॉक्टरांनी सांगितलेलं चालणंही (वहिनी लिहितात की तुम्ही फाटकापर्यंत जाऊन परत येता, ते चालण्यात धरत नाहीत). आम्ही इकडे मजेत. थंडी छान पडली आहे, मटार स्वस्त झाला आहे आणि वासंती दिवसाआड कचोऱ्या करते, तेव्हा तक्रारीला जागाच नाही.

दोन महिने पत्र नाही याचं कारण इन्कम टॅक्स. घाबरू नका, चोरीबिरी काही नाही. एकोणीस वर्षं मी कंपनीतर्फे माळव्यातल्या शाळांना प्रयोगशाळेचं सामान विकतो हे तुम्ही जाणताच: काचेची भांडी, लोहचुंबक, आणि अलीकडे प्लॅस्टिकचा पुऱ्या उंचीचा मानवी सांगाडा. कंपनी पगाराबरोबर प्रवासभत्ता देते आणि त्यावरही टॅक्स कापते. वासंतीने पेपरात वाचलं की कामासाठी खरोखर जेवढा प्रवासखर्च झाला, तेवढ्या भत्त्यावरचा टॅक्स परत मागता येतो. मी म्हटलं, कोण या चक्करमध्ये पडणार. ती म्हणाली, "उन्हातान्हात तुम्ही फिरलात, सरकार नाही." मग मी फॉर्म भरला (तिने भरला, सही मी केली).

दिवाळीनंतर बोलावणं आलं. अधिकारी पंड्यासाहेब मोठे शांत गृहस्थ. म्हणाले, वर्षभरात चौदा दौरे लिहिलेत, आता तिकिटं दाखवा. दादा, मी घरी येऊन कपाट, ट्रंक आणि सगळ्या पँटींचे खिसे धुंडाळले. दोनच तिकिटं सापडली. एक ओंकारेश्वरचं, म्हणजे देवाच्या कामाचं. दुसऱ्याच्या मागे वासंतीने गव्हाचं दळण लिहून ठेवलं होतं आणि पुढचे आकडे तेलाने पुसले गेले होते. त्या रात्री मला जरा वाईटच वाटलं. इतकी वर्षं धूळ खाल्ली, आणि मी घराबाहेर पडत होतो एवढं सांगायलाही कागद नाही.

दुसऱ्या दिवशी देवास गेटच्या स्टँडवर गेलो आणि आगरच्या गाडीवरच्या माणिकलाल कंडक्टरला गाठलं. तो म्हणाला, "बाबूजी, आपको टिकट कब दिया हमने? आप तो घर के आदमी हो." (पैसे मात्र बाहेरच्या माणसाइतकेच घेत असे.) पण लिहून द्यायला तो तयार होता, आणि एक तारीख तर त्याच्या वहीतच होती. झालं होतं असं की सांगाड्याचे पाय दुमडून, वासंतीच्या जुन्या साडीत गुंडाळून मी त्याला खिडकीशी बसवत असे. एकदा गाडीत लग्नाचं वऱ्हाड होतं. रस्त्यातल्या खड्ड्याने साडी सुटली आणि सांगाड्याचा हात पुढच्या बाकावरच्या नवरदेवाच्या आजीच्या खांद्यावर पडला. आजीने मागे वळून पाहिलं. अख्खं वऱ्हाड वाटेतल्या घट्टिया गावालाच उतरून गेलं. त्यांचं बुडालेलं भाडं गाडीच्या मालकाने माणिकलालच्या पगारातून कापलं होतं, म्हणून तारीख पक्की.

एका दौऱ्याचा बंदोबस्त झाला, तेरा उरले. तेव्हा वासंतीला आठवलं की शाळेत आल्या-गेल्याची नोंद करायला रजिस्टर असतं. मग मी सुट्टी काढून, खिशातल्या पैशांनी, तराना, महिदपूर, खाचरोद, बडनगर असा पुन्हा फिरलो. सांगाडा बरोबर घेतला, कारण काही शिपाई मला नुसत्या तोंडावरून ओळखत नाहीत. आणि दादा, प्रत्येक रजिस्टरात माझी सही होती. कधी घाईची, कधी चहा पिऊन झाल्यावरची, जरा ऐसपैस. तरान्याच्या एका मास्तरीणबाईंनी माझ्या सहीसमोर शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, "सज्जन आदमी। चुंबक अच्छा निकला।" ते मी तिथेच उभं राहून तीनदा वाचलं. ठिकठिकाणच्या हेडमास्तरांनी रजिस्टरच्या नकला शिक्क्यानिशी दिल्याच, वर मिळून तीन सांगाड्यांची ऑर्डरही दिली, जी अख्ख्या वर्षात कुणी दिली नव्हती.

परवा सुनावणी होती. बडनगरची गाडी उशिरा आली, म्हणून स्टँडवरून थेट कचेरीत गेलो, सांगाड्यासकट. पंड्यासाहेबांनी चष्मा वर केला.

"ये कौन हैं?"

"साहब, सैंपल हैं."

"इनका टिकट लगता है?"

"आधा, साहब."

त्यांनी ते कुठेतरी टिपून घेतलं. मग नकला एकेक करून पाहिल्या, मास्तरीणबाईंचा शेराही. फाइल मिटली, दाराकडे नजर टाकली आणि हळूच विचारलं की कमरेचं दुखणं नेमकं कुठल्या मणक्यात असतं. मी साडी सोडून खालून दुसरा मणका दाखवला. त्यांनी स्वतःच्या पाठीवर मोजून पाहिलं. म्हणाले, सहा वर्षं दवा चालू आहे पण कुणी दाखवलं नव्हतं. (याचा निकालावर काही असर झाला असं मी म्हणणार नाही. नकला पक्क्या होत्या.) चौदापैकी तेरा दौरे मंजूर झाले.

घरी आलो तर वासंती दारातच उभी होती. मी फक्त आकडा सांगितला. तिने कचोऱ्या मोजून न वाढता ताटच पुढे ठेवलं. माणसाला आणखी काय हवं असतं?

वहिनींनी गुडघ्याला जपायला लावावं, आणि तुम्ही त्यांचं ऐकावं, एवढं मागून थांबतो.

तुमचा,
यज्ञेश्वर

ता. क. राहिलेला चौदावा दौरा पुण्याचा, तुमच्या ऋताच्या लग्नाच्या वेळचा. तेव्हा अक्षता आणि पंगत यांच्या मधल्या वेळात मी व्याह्यांकडच्या मधुकररावांना आमचा कॅटलॉग दाखवला होता. ते हेडमास्तर आहेत, म्हणजे ते कंपनीचंच काम झालं. पंड्यासाहेबांनी त्याच्या पुराव्यासाठी मुदत दिली आहे, तेव्हा तेवढं शाळेच्या कागदावर, शिक्क्यासह, त्यांच्याकडून लिहून घेऊन पाच जानेवारीच्या आत पाठवावं. खरं म्हणजे पत्र याचसाठी लिहायला घेतलं होतं.

दुसरा ता. क. वासंतीने हे वाचलं. तिचं म्हणणं, मधुकररावांनी मला फक्त हात धुवायला पाणी कुठे आहे एवढंच विचारलं होतं, आणि मी त्यांच्या ओल्या हातात कॅटलॉग ठेवला. त्यांनी तो हात पुसायला वापरला, हेही ती म्हणते. दादा, ते त्या कागदात येऊ देऊ नका.