आंब आभाळातून येत नाही

माय, आंब आभाळातून येत नाही. तू ऐकायला नाहीस म्हणून मी हे म्हणायचं सोडणार नाही. समुद्रपूरकडच्या आपल्या शेतात हरभरा घाट्यावर आला की थंडीत उजाडायच्या आधी तू मला उठवायचीस. आपण दोघी धुतलेलं पांढरं धोतर दोन टोकांनी धरून दवानं भिजलेल्या झाडांवरून अलगद फिरवायचो आणि ओलंचिंब झालं की तू ते बरणीत पिळायचीस. दात आंबवणारं ते पाणी म्हणजे आंब. कुणाचं पोट दुखलं की तू चमचाभर द्यायचीस, वर सांगायचीस, "आभायाचं औषध हाय हे, वरून येते." लोक माना डोलवायचे. मला मात्र ते कधी पटलं नाही.

म्हणून एका संध्याकाळी मी जेवणाची रिकामी थाळी शेताच्या धुऱ्यावर, पिकापासून दूर, उघडी ठेवून आले. सकाळी तिच्यात दव साचलेलं. शेजारची काकू आंब न्यायला आलेली, तिच्यापुढेच मी थाळी धरते. काकू बोट बुडवून चाटते. "हे तं नुस्तं पाणी हाय वो बाई." मी म्हणते, आंबटपणा पानांच्या लवेत असतो, दव तो फक्त धुऊन घेतं. तू हातातलं धोतर खाली टाकतेस. "लय शायनी झाली काय? चार लोकांत मायले खोटी पाडून राह्यली! एवढाच शक हाय तं जाय, आभायच तपासून येजो." काकू हसली. मला राग आला, तो अजून आहे. बारावीनंतर तू मला नागपूरला पाठवायला तयार नव्हतीस, तेव्हा तुझंच वाक्य तुला ऐकवलं आणि गेले. माझी पदवी व्हायच्या आधीच तू गेलीस. भांडण तसंच राहिलं.

आता मी खरंच आभाळ तपासते. संगणकात पाण्याचा एक थेंब मांडायचा, भोवती हवेतले वायू सोडायचे आणि बघायचं, कोणता कण थेंबावर आपटून परत फिरतो, कोणता आत शिरतो, शिरलेला किती टिकतो. भाऊ फोनवर विचारतो, "अजून थेंबच पाहून राह्यली काय?" होय, थेंबच. धुराड्यांतलं, गाड्यांतलं काय काय ढग पोटात घेतात हे कळायला आधी एक थेंब नीट कळावा लागतो. तू म्हणाली असतीस, असल्या थेंबानं बोटही भिजत नाही. नाही भिजत. मला त्याची लाज वाटत नाही.

गेल्या महिन्यात मी त्या हवेतून सगळा धूर काढून टाकला. स्वच्छ हवा, स्वच्छ थेंब. तरी थेंब किंचित आंबट होतोच, कारण आपण श्वासातून सोडतो तो वायूही पाण्यात विरघळतो. हे पुस्तकात आहे, मला नवीन नाही, आणि तो आंबटपणा जिभेला कळणारही नाही. तुझ्या बरणीतला पानांचाच होता, यावरून मी तसूभर हलणार नाही. तेव्हा जिंकलीस असं समजू नकोस. हे पत्र कुठे जाणार नाही म्हणून तेवढं सांगते: पडद्यावरचा आकडा आंबटाकडे सरकू लागला की मी हातातलं काम सोडून बघत बसते, आणि मला तुझ्या बाजूनं आनंद होतो.